मदत हवी आहे: गुडघा गेलेल्या भाच्याला कोच व्हायचंय, दाजींना काय सांगू? (सांगली)

नमस्कार मंडळी. कोचिंगच्या लाइनीत असलेल्यांचा, किंवा ज्यांच्या घरात कुणी आहे त्यांचा सल्ला पाहिजे.

माझा भाचा बावीस वर्षांचा. शाळेपासून फुटबॉल खेळतो, लेफ्ट बॅक म्हणजे डावीकडचा बचावपटू. कोल्हापुरात तालमींची मॅच असली की सकाळच्या एसटीनं शाहू स्टेडियम गाठणारा पोरगा. गेल्या पावसाळ्यात एका स्पर्धेत चिखलात पाय रुतला आणि समोरचा अंगावर पडला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला लिगामेंट, तुटलं, आतली गादीही फाटली. मैदानावर ना स्ट्रेचर, ना डॉक्टर. रिक्षात आडवा घालून मिरजेला नेला. ऑपरेशन चांगलं झालंय. चालतो, हळूहळू पळतो. पण स्पर्धेतलं खेळणं आता नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

दाजी म्हणतात, कुपवाड एमआयडीसीत ओळख आहे, चिकटवून टाकू. त्यांचं चूक नाही. ऑपरेशनसाठी त्यांनी पीएफमधून पैसे काढलेत. आणि पोरगं म्हणतंय, मामा, मला डी लायसन्स, म्हणजे फुटबॉल कोचिंगचं सुरुवातीचं लायसन्स, करायचंय.

हे त्याच्या डोक्यात मीच भरवलं, म्हणून जबाबदारीही माझीच. दवाखान्यात तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. त्याला बोलतं करायला मी भारताच्या फुटबॉल संघाचा माजी कोच स्टीफन कॉन्स्टंटाइनची गोष्ट सांगितली. लंडनचा माणूस, अमेरिकेत छोट्या क्लबांतून खेळला. गुडघ्यानंच त्याचं खेळणं संपवलं, तेव्हा तिशीही गाठली नव्हती. नाव नाही, ओळख नाही. सायप्रसमध्ये कोचिंग करत करत तो 1999 मध्ये नेपाळचा कोच झाला आणि त्याच वर्षी काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत नेपाळला रौप्य मिळालं. तिथून 2002 मध्ये भारताचा कोच म्हणून आपल्याकडे. त्याच वर्षी आपण व्हिएतनाममध्ये जाऊन एलजी कप ही स्पर्धा जिंकलो. पुढं मलावी, सुदान, रवांडा. जिथं कुणी मोठा कोच जायला तयार नसतो तिथं हा बॅग घेऊन गेला. 2015 मध्ये परत भारतात आला तेव्हा आपण जागतिक क्रमवारीत 170 च्याही मागे होतो. जुलै 2017 मध्ये 96 वर आलो.

पुढचं भाच्याला मी सांगायची गरजच नव्हती. 6 जानेवारी 2019, आशियाई चषक, अबू धाबी, थायलंडला 4-1. 1964 नंतर या स्पर्धेतला आपला पहिला विजय. तेव्हा तो दहावीत होता, मॅच आमच्याच घरी बघितली. आपल्या जेजे लालपेखलुआनं चौथा गोल केल्यावर ताईला उचलून घेतलं होतं त्यानं. आठ दिवसांनी बहारीन. संक्रांत तोंडावर, ताई तिळाच्या वड्या थापत होती. पुढच्या फेरीसाठी बरोबरीही चालणार होती, आणि 91 व्या मिनिटाला त्यांना पेनल्टी मिळाली, आपण हरलो. पोरगं रात्रभर जेवलं नाही. कॉन्स्टंटाइननं त्याच रात्री राजीनामा दिला. पण माणूस थांबला नाही. 2023 मध्ये पाकिस्तानचा कोच झाला आणि कंबोडियाला हरवून त्यांना विश्वचषक पात्रता फेरीतला पहिलावहिला विजय मिळवून दिला.

आता भाचा रोज संध्याकाळी गच्चीच्या कठड्यावर एका बाजूला अकरा चिंचोके, दुसऱ्या बाजूला अकरा शेंगदाणे मांडतो. लेफ्ट बॅकचा चिंचोका पुढं सरकवला की मागची जागा कोण भरणार, हे वहीत लिहितो. परवा मी सहज एक शेंगदाणा हलवला, तर म्हणाला, "मामा, तो तिथं गेला तर आपला सहा नंबर एकटा पडतोय." खेळत होता तेव्हा इतकं बारीक कधी बोलला नव्हता. दाजींनी हे एकदा बघावं असं फार वाटतं, पण ते सेकंड शिफ्टला असतात.

मला एवढं कळलंय की पायऱ्या डी, मग एएफसी म्हणजे आशियाई फुटबॉल संघटनेचं सी, बी, ए आणि शेवटी प्रो अशा आहेत, आणि आपल्या भागातला कारभार विफा, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडून चालतो. आता विचारायचं ते असं. डी च्या कोर्सला मैदानावर स्वतः करून दाखवावं लागतं, तर ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर कुणी केलंय का? सांगली, कोल्हापूर, पुण्यात डी लायसन्सवर शाळेत किंवा अकादमीत महिन्याला खरोखर किती हातात पडतात? आधी एनआयएसचा (पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा करावा का? आणि नोकरी सांभाळून, सकाळी सहा ते आठ लहान पोरांना शिकवून कुणी वर चढलंय का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. असं एक जरी उदाहरण मिळालं तर दाजींपुढं ठेवता येईल. कॉन्स्टंटाइन त्यांना लांबचा वाटतो. त्यांना जवळचा माणूस दाखवायला पाहिजे.

भर, रात्री साडेदहा: उत्तरं देणाऱ्यांचे मनापासून आभार. वर दोघांनी विचारलंय, म्हणून सांगतो. ऑपरेशनला आठ महिने झालेत. बीए झालाय, इंग्रजी वाचतो, बोलताना अडखळतो. गल्लीतल्या बारा-तेरा पोरांना रविवारी सकाळी शिकवायला त्यानं आपणहून सुरुवात केली आहे, पैसे घेत नाही. कोल्हापूरच्या ज्या दादांनी "नोकरी धरा, पण फर्स्ट शिफ्ट नको" असं लिहिलंय, त्यांनी कृपया मला निरोप पाठवा. कंपनीत सोमवारी बोलावलंय, त्याआधी दाजींशी तुमचं एकदा फोनवर बोलणं करून द्यायचंय.