तळ्याचा बांध कॅटेगरी एकमध्ये गेला, तर बिल कोणी भरायचे?

भरावकरी
घरखरेदीच्या चर्चेत काल ‘खजिनदार’ यांनी लिहिले की, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला असलेल्या त्यांच्या सोसायटीच्या तळ्याचा मातीचा बांध पन्नास वर्षे तसूभरही हललेला नाही, तरीही राज्याच्या धरण सुरक्षा कार्यालयाने एका पत्रासरशी तो कॅटेगरी दोनमधून कॅटेगरी एकमध्ये टाकला, आणि हा सगळा सल्लागार अभियंत्यांची पोटे भरण्याचा उद्योग आहे. याला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होता आले असते; परंतु महाराष्ट्रात तीस वर्षे मातीच्या भरावांवर उन्हातान्हात काढल्यानंतर ते मला जमत नाही.

हा वर्ग म्हणजे बांधाच्या प्रकृतीचा दाखला नव्हे. बांध फुटलाच तर खाली माणूस मरेल काय, एवढाच प्रश्न त्यात विचारलेला असतो; मरेल असे वाटले तर कॅटेगरी एक, नाहीतर दोन. कालच बांधून झालेला भक्कम बांध कॅटेगरी एकमध्ये असू शकतो आणि ठिकठिकाणी पाझरणारा बांध कॅटेगरी दोनमध्ये, कारण त्याच्या खाली कुरणाशिवाय काही नसते. तुमचा बांध बदलला नाही हे मान्य. ओढ्याच्या काठी घरे झाली, हे बदलले.

राहता राहिला उद्योगाचा आरोप. 6 नोव्हेंबर 1977 रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, जॉर्जियातच टोकोआ येथे केली बार्न्स धरण फुटले. ते एका बायबल कॉलेजच्या मालकीचे होते. त्यावरची वीजनिर्मिती 1957 साली बंद झाली होती आणि त्यानंतर मागचे पाणी केवळ विहाराचे तळे म्हणून उरले होते. कॉलेजची वस्ती खालच्या बाजूला होती. 39 जण गेले. पुढच्याच वर्षी राज्याने सेफ डॅम्स ॲक्ट केला. तुम्हाला आलेले पत्र त्या कायद्याखालचे आहे.

खजिनदार
प्रवचनाबद्दल आभारी आहे. टोकोआचे फलक मीही वाचले आहेत. माझा मुद्दा तुम्ही अलगद बाजूला ठेवलात. आमचा बांध 27 फूट उंच आहे आणि सोसायटीत 84 घरे आहेत. नव्या वर्गामुळे सांडवा (जादा पाणी बाहेर सोडण्याची वाट) मोठा करणे, जुना गंजलेला नळ बदलणे आणि अभियंत्याची फी असे मिळून प्रत्येक घरावर सुमारे अकरा हजार डॉलर बसणार आहेत. खालची घरे आमच्यानंतर आली. काउंटीने नकाशे मंजूर केले, बिल्डरने पैसे केले, आणि त्यांच्या येण्याने आमचा बांध ‘धोकादायक’ ठरला. स्मशानाशेजारी बंगला बांधायचा आणि मग धुराबद्दल गावाला दंड करायचा, असा हा न्याय आहे.

आणि इतके पैसे मोजून पहिले काम कोणते, तर भरावावरचे चाळीस वर्षांचे पाइन तोडा म्हणे.

सावली
मूळ विषयात मला रस नाही, पण ही झाडांची गोष्ट वाचून राहवले नाही. झाडांची मुळे माती धरून ठेवतात, हे आपण सगळे चौथीत शिकलो. इथे मात्र कोणीतरी हेल्मेट घालून येतो आणि तीच झाडे धोक्याची ठरवतो. आमच्या कॉलनीत ओक असेच गेले, तेव्हा कारण विमा कंपनीचे होते. कारण बदलते, करवत तीच.

भरावकरी
ताई, डोंगरउतारावर आणि नदीकाठी तुमचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. बांधाच्या एका अंगाला मात्र बारमाही पाणी उभे असते, आणि ते वाटच शोधत असते. झाड वठले की त्याचे मूळ आत कुजते व मनगटाएवढी पोकळी भरावात राहते. तिच्यातून पाझर सुरू झाला की पाण्याबरोबर मातीचे कण निघतात आणि ती पोकळी मागे मागे, तळ्याच्या दिशेने खात जाते. वादळात झाड उन्मळले तर मुळांच्या चेंडूबरोबर भरावाचा लचका जातो. शिवाय दाट झाडीत पाझर दिसत नाही आणि बिळेही दिसत नाहीत. इकडे मस्करॅट हा उंदरासारखा पाणथळ प्राणी पाण्याच्या पातळीलगत भरावातच घर करतो.

मात्र एक सांगतो: झाडे कापून बुंधे तसेच ठेवणे हे झाडे राखण्यापेक्षाही वाईट आहे. मोठी मुळे उकरून काढावीत, खड्डा थराथराने दाबून भरावा आणि वर गवत लावावे. तेही अभियंत्याच्या देखरेखीखाली, तळे उतरवून.

चिपळूणकर
झाडे झाली, बिळेही झाली. आता फक्त खेकडे यायचे राहिले आहेत.

भरावकरी
ही थट्टा अपेक्षित होती. बिळे करणारे प्राणी मातीच्या धरणाला अपाय करतात, ही गोष्ट जगभरच्या देखभालीच्या पुस्तिकांत आहे. एका मंत्र्याच्या तोंडून ती वेड्यावाकड्या वेळी निघाली, म्हणून ती खोटी ठरत नाही.

चिपळूणकर
थट्टा? माझ्या मामीचे माहेर रत्नागिरीतल्या तिवरे धरणाच्या खोऱ्यातले आहे. 2 जुलै 2019 च्या रात्री ते धरण फुटले, वाडीतली घरे माणसांसकट गेली, आणि दोनच दिवसांत जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांचे नाव घेतले. गळती होत असल्याचे गावकरी आधीपासून सांगत होते. धरण वीस वर्षांचेही नव्हते. समजा, खेकडे होते. मग ती बिळे बुजवणे कोणाचे काम होते? खेकड्यांचे? तुमच्या खात्याची हीच रीत आहे: धरण उभे असेपर्यंत ते ‘आमचे’, आणि फुटले की ते निसर्गाचे.

भरावकरी
‘तुमचे खाते’ हा शब्द मागे घ्यावा, अशी विनंती करतो. माझा त्या धरणाशी कधीही संबंध आला नाही, आणि देखभालीच्या निधीसाठी मी जेवढी पत्रे लिहिली तेवढी तुम्ही आयुष्यात वाचली नसतील.

चिपळूणकर
शब्द मागे घेतो. पत्रांचे काय झाले, ते मात्र सांगा.

भरावकरी
काही नाही झाले. एकाचे उत्तर आले, तेही मी निवृत्त झाल्यावर.

मावळातला
यावर हसावे की रडावे, कळत नाही. आपल्याकडे 2021 चा धरण सुरक्षा कायदा आला, पण तो 15 मीटरहून उंच धरणांसाठी आहे; 10 ते 15 मीटरमधली धरणे काही अटी पूर्ण केल्या तरच त्यात येतात. खजिनदारांचा 27 फुटी बांध मावळात असता, तर तो त्या कायद्याच्या खिजगणतीत नसता. फार्महाउसवाले ओढा अडवून असली तळी करतात आणि बोटी सोडतात. तेव्हा तुम्हाला निदान पत्र आले, यातच समाधान माना.

खजिनदार
म्हणजे मावळात पत्र येत नाही म्हणून मी अकरा हजार डॉलर आनंदाने द्यावेत? तर्क अजब आहे. खेकड्यांवरून परत विषयावर येऊ या. खालच्यांनी वाटा का उचलू नये, याचे उत्तर अजून कोणीही दिलेले नाही.

ओढ्याकाठची
उत्तर मी देते, कारण मी त्या ‘खालच्यां’पैकी आहे. तुमच्या नव्हे, दुसऱ्या एका तळ्याच्या. घर घेताना एजंटने शाळा दाखवल्या, बाजारहाट दाखवला. वर पाऊण मैलावर बांध आहे हे मला दोन वर्षांनी चालायला गेले तेव्हा समजले. तळ्याचे दृश्य तुमचे, बोटी तुमच्या, काठावरच्या घरांची वाढलेली किंमत तुमची. आमच्या वाट्याला फक्त ते पाणी खाली येण्याची शक्यता, आणि तिचीही वर्गणी आम्हीच द्यायची? काउंटीवर तुमचा राग आहे तो रास्त आहे, माझाही आहे. पण तो माझ्या दारात का आणता?

माझी आजी नारायण पेठेत राहायची. 12 जुलै 1961 ला पानशेत गेले तेव्हा दिवस होता. लोकांना पाणी चढताना दिसले आणि ती तान्ह्या बाळाला घेऊन, भरल्या चुलीवरचा भात तसाच सोडून निघाली. टोकोआला माणसे झोपेत होती. त्यामुळे मला तुमच्या सांडव्याच्या आकाराइतकाच दुसरा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तुमच्या आपत्कालीन कृतियोजनेत खालच्या घरांचे फोन नंबर आहेत का?

खजिनदार
योजना अभियंत्याने अजून करायची आहे. नंबर नाहीत. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

तरीही काउंटीला यातून नामानिराळे सोडता येणार नाही. बांधाखालच्या पूररेषेत घरांना परवानगी देताना बांधाच्या मालकाला विचारण्याचीसुद्धा तसदी कोणी घेतली नव्हती.

पिट्सबर्गवासी
मालकांबद्दल चालले आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना जॉन्सटाउनला न्यावे लागते. त्या गावाच्या वरच्या अंगाचे साउथ फोर्क धरण धनिकांच्या मासेमारी आणि शिकारीच्या क्लबचे होते. कार्नेगी आणि फ्रिक हे बडे उद्योगपती त्याचे सभासद. तळाचे विसर्ग नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते क्लबने पुन्हा बसवले नाहीत. माथ्यावरून दोन घोडागाड्या शेजारून जाव्यात म्हणून माथा खाली घेतला, आणि महागाचे मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. 31 मे 1889 रोजी मुसळधार पावसात त्या जाळ्यांत ओंडके व पालापाचोळा अडकला, पाणी माथ्यावरून गेले आणि 2,209 माणसे मेली. न्यायालयात क्लबला एक पैसाही भरावा लागला नाही. खजिनदारसाहेब, बिल कोणी भरायचे हा प्रश्न तिथेही होता.

भरावकरी
माथा खाली घेतल्याने सांडव्याची क्षमता आपोआप घटते, हे त्यातले मर्म आहे. खजिनदारांना खर्च टाळायचाच असेल तर सरळ मार्ग उपलब्ध आहे: रीतसर आराखडा करून बांध आणि सांडव्याचा उंबरा दोन्ही इतके उतरवा की उंची 25 फुटांखाली आणि साठा 100 एकर-फुटांखाली (एकरभर जागेत फूटभर पाणी म्हणजे एक एकर-फूट) जाईल. मग कायद्याचा अंमल राहत नाही. तळे लहान होईल आणि बोटी कदाचित चिखलात बसतील, पण माणसे मरणार नाहीत एवढे ते खरेच लहान झाले आहे ना, ते मात्र तपासून घ्या.

खजिनदार
तळे लहान करण्याचा ठराव मांडला तर 84 घरे मिळून मलाच सांडव्यातून सोडतील. वाट्याबाबत माझे मत बदललेले नाही. काउंटीला पत्र जाणारच आहे.

मात्र पिट्सबर्गवासींचे वाचून मघाशी बांधावर जाऊन आलो. आमच्या सांडव्याच्या तोंडाशीही जाळी आहे. तीन वर्षांपूर्वी बास मासे सोडले तेव्हा मीच मंजूर केलेली, 640 डॉलरची. निम्मी पाइनच्या काड्यांनी बुजलेली होती. शनिवारी ती काढतो आहे. झाडांचे काय करायचे ते सावलीताई आणि भरावकरी यांनी आपसात ठरवावे.

सावली
काड्या झाडांच्या होत्या, जाळी तुमची होती. नोंद असावी.