शहराच्या क्लायमेट प्लॅनमंधी खालच्या गावाची खुर्ची कुठं?

वैनगंगाकाठ (कुही तालुका)
राजेहो, विषय थोडा लांबलचक आहे पण वाचा. नागपुरात आजकाल वातावरण बदल म्हटलं की 'लोकल पार्टनरशिप' हा शब्द येतेच. मनपा, कंपन्यांचा सीएसआर, दोनचार कॉलेजं, एनजीओ सगळे एका टेबलावर बसतात, झाडं लावतात, स्लॅबले पांढरा रंग मारतात, सोलर बसवतात. चांगलंच आहे, माझा त्याले विरोध नाही. पण शहराची हद्द संपली की त्याईचा नकाशाही संपते.

नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानले मिळते, कन्हान आंभोऱ्याले वैनगंगेत, अन् ते सगळं गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात येऊन बसते. १९८८ साली भूमिपूजन झालेला प्रकल्प, त्याच्यात आमच्या भागातली गावं गेली, अन् जे काठावर उरले त्याईच्या वाट्याले हे पाणी. उन्हाळ्यात एकदा सकाळी घाटावर येऊन पाहा. ढिवर लोकं जाळं ओढतात तं मासा कमी अन् इकॉर्निया, म्हणजे जलपर्णीच जास्त. आधी ते सोडवत बसा, मुळातून काळा गाळ गळत राहते, कोपरापर्यंत हात बरबटतात, मंग दिवसभर खाज. तो माणूस कोणत्या प्लॅनमंधी आहे सांगा बरं. ना शहराच्या, ना जिल्ह्याच्या.

माझं म्हणणं एवढंच की जिथून शहराले पाणी अन् वीज येते अन् जिथं शहराची घाण अन् वीज केंद्राची राख जाते, त्या ग्रामसभांले या पार्टनरशिपमंधी मत पायजे अन् पैशात वाटा पायजे. उद्घाटनाले सतरंजीवर बसवून चहा पाजाले नाही.

टिनाखालची
दादा, तुमचं दुखणं खरं आहे पण तुम्ही सरसकट 'शहर' म्हणता ना ते खटकलं. मी उत्तर नागपुरात राहते, वर टिन, खाली फरशी, मे महिन्यात रात्री बारा वाजता पण भिंतीला हात लावला तर गरम लागते. एसीवाले आणि मी एकाच खात्यात कशा काय? माझ्या घरचे पण उमरेडकडूनच इकडे आले होते, शेती परवडली नाही म्हणून.

नागपूरचा हीट अ‍ॅक्शन प्लॅन २०१६ पासूनचा. अहमदाबादने २०१३ मध्ये केला तो बघून. त्यात काय असतं, तर दुपारी बगीचे उघडे ठेवा, पाणपोया लावा, दवाखान्यात ओआरएस आणि थंड वॉर्ड ठेवा, आणि भर दुपारी काही सिग्नल बंद ठेवतात म्हणजे गाडीवाला उन्हात उभा राहू नये. सिग्नल बंद केल्याने गाडीवाल्याला बरं वाटतं, पण त्याच चौकात हातगाडी लावणाऱ्याला काय? तो तर चौकातच आहे. म्हणजे शहरातल्या शहरात पण न्याय नाही अजून. त्यात तुम्ही पन्नास गावं आणून त्याच पैशात वाटेकरी करणार, तर सगळ्यात आधी कोणाचं कटेल? बस्तीचंच. मला तुमची मागणी त्यासाठी पटत नाही.

पऱ्हाटीवाला (यवतमाळ)
भाऊ खुर्ची भेटून का करता? मी सांगतो खुर्चीचं. पोकरा आला, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी, वातावरण बदलात शेती टिकवाची योजना, वर्ल्ड बँकेचा पैसा, २०१८ पासून विदर्भ मराठवाड्यातल्या पाच हजारावर गावात. प्रत्येक गावात समिती, सरपंच अध्यक्ष, बाया पायजे, भूमिहीन पायजे, सगळं कागदावर एकदम बरोबर. पण वैयक्तिक लाभाचा नियमच असा की आधी आपल्या खिशातून खर्च करा, बिल अपलोड करा, मंग अनुदान खात्यात. आता ज्याच्यापाशी शेततळ्याले नाहीतं ठिबकले आधी लावाले पैसा आहे तो घेते, अन् ज्याले खरी गरज आहे तो समितीत सही करून घरी जाते. त्याची खुर्ची होतीच नं तिथं.

तुमच्या शहराच्या टेबलावर बी हेच होईन. सरपंचाले एक शाल अन् नारळ, अन् दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो.

वैनगंगाकाठ
पऱ्हाटीवाले भाऊ, मंग पैसे आधी द्या अशी मागणी करू नं. नियम वाईट आहे म्हणून समितीच नको म्हणता का?
ताई, तुमचं वाटेकरीवालं समजलं. पण बस्तीच्या पैशातून आमाले द्या असं मी म्हणूनच नाही रायलो. जे वापरतात त्याईच्याकडून घ्या.

इंजिनिअर साहेब
भावनेच्या भरात एक गोष्ट सगळे विसरताय. नागपूरची खरी चाललेली पार्टनरशिप कोणती? भांडेवाडीचं सांडपाणी. १३० एमएलडीचा, म्हणजे रोज १३ कोटी लिटरचा प्लांट, तिथं शुद्ध झालेलं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना थंडाव्यासाठी जातं, मनपा आणि महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचा करार आहे, पैसे ठरलेले आहेत. तेवढं सांडपाणी नाग नदीत कमी जातं म्हणजे तुमच्या गोसीखुर्दलाच फायदा आहे. यात कोणतीही ग्रामसभा नव्हती, पाहुणे नव्हते, खुर्च्या नव्हत्या. विकणारा होता आणि घेणारा होता म्हणून चाललं. सगळ्यांना मत दिलं असतं तर आजपर्यंत जागाच ठरली नसती. आणि नाग नदीच्या उरलेल्या पाण्यासाठी १९२७ कोटींचा वेगळा प्रकल्प मंजूर आहे, तो पूर्ण होऊ द्या ना.

कॅनॉलच्या शेवटी
साहेब तुमचा करार एकदम बेस्ट, मी बी तारीफच करतो त्याची. आता मले एवढंच सांगा की वीज केंद्र सांडपाण्यावर गेलं म्हणजे पेंच नदीचं चांगलं पाणी वाचलं, बरोबर? मंग ते वाचलेलं पाणी कोणाच्या वाट्याले गेलं? आमी पेंचच्या कॅनॉलवर धान लावतो, मौद्याकडं. वर मध्य प्रदेशात पेंचवर चौराई धरण झालं तवापासून तोतलाडोहात, म्हणजे इकडच्या पेंचच्या धरणात, येणारं पाणी कमी झालं, २०१९ च्या उन्हाळ्यात तं तोतलाडोह पार आटलं, नागपुरातही एक दिवस आड नळ होता. शहराचा एक दिवस आड, आमचं रोवणं लांबलं. पिण्याचं आधी हे आमाले मान्य आहे, कोणीच नाही म्हणत नाही. पण २००३ च्या राज्याच्या जलनीतीत शेतीच्या आधी उद्योग होता, २०११ मध्ये बदलून शेती दुसऱ्या नंबरवर आणली. कागदावर आणली. हिशेब मात्र कुठंच लावलेला दिसत नाही की एवढं वाचलं, एवढं खाली सोडलं. करारात आमचं नाव असतं तं हिशेब मागता आला असता. म्हणून खुर्ची.

इंजिनिअर साहेब
हिशेब मागायला पाटबंधारे विभाग आहे, पाणी वापर संस्था आहे. मनपाच्या क्लायमेट सेलचं ते काम नाही.

कॅनॉलच्या शेवटी
हाव, मंग सगळ्याईचं काम दुसऱ्याचंच असते.

टिनाखालची
हे मात्र खरं बोलले.

डोंगरगावचा (गडचिरोली)
थोडं वेगळं बोलतो. तुम्ही सगळे कोणीतरी बोलवावं म्हणून भांडून रायले. आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाले २००९ मध्ये सामूहिक वनहक्क भेटला तो कोणी बोलावून नाही भेटला, कायद्यातला हक्क होता अन् ग्रामसभा मागत बसली तवा भेटला. नंतर बांबू कोणाले विकायचा, कसा विकायचा हे त्याईनं ठरवलं. हक्क असला की समोरचा आपोआप टेबलावर येते. जंगल आमचं, म्हणून आमाले तो हातात आहे. तुमच्याकडं पाण्यावर अन् राखेवर असा हक्क कोणता, ते आधी शोधा. नाहीतं क्लायमेट प्लॅनमंधी एक ओळ येईन, 'ग्रामीण भागाशी समन्वय साधण्यात येईल', अन् झालं.

पऱ्हाटीवाला (यवतमाळ)
राखेवर हक्क मागून का करता गा, ते घेऊन जा म्हणा 😀
बाकी मुद्दा जोरदार.

वैनगंगाकाठ
राखेवर कायदा आहे नं भाऊ. ३१ डिसेंबर २०२१ चं केंद्राचं नोटिफिकेशन, १०० टक्के राख वापरात आणा म्हणते. तरी २०२२ च्या पावसाळ्यात कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून राख शेतात अन् नदीनाल्यात गेलीच. शहराचा एसी त्याच विजेवर चालते. म्हणून म्हणतो, शहराच्या विजेच्या बिलावर थोडा सेस, म्हणजे जादा कर लावा, अमुक युनिटच्या वरच्यालेच. टिनवाल्या ताईच्या बिलावर नाही. तो पैसा राखेच्या, सांडपाण्याच्या गावात अन् बस्तीत अर्धा-अर्धा.

इंजिनिअर साहेब
गावात तरी समान वाटप होतं का? सौर कृषी वाहिनी घ्या. दिवसा वीज मिळावी म्हणून गावाजवळ सोलर, जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख भाडं. योजना उत्तम. पण भाडं जमीनवाल्याला. आणि जिथं ई-क्लासवर, म्हणजे गावाच्या सरकारी चराईच्या जमिनीवर, प्लेटा लागल्या तिथं ढोरं चारणाऱ्याचं काय झालं, कोणत्या ग्रामसभेनं विचारलं? शहराला न्याय शिकवताना आपल्या आखरावर पण बघा.

वैनगंगाकाठ
हे लागलं. उत्तर नाही माझ्यापाशी, ई-क्लासचा प्रश्न आमच्याकडं बी आहे. पण त्यानं नागपूरचं सांडपाणी माफ होत नाही साहेब.

टिनाखालची
सेसचं अर्धं-अर्धं असेल तर मी तुमच्या बाजूने. पण समितीची मीटिंग दुपारी दोन वाजता सिव्हिल लाईनला ठेवतील, तेव्हा आमच्यातली कोण जाईल? धुणीभांडी करणारीची त्या दिवशीची रोजी गेली. आणि तुमचा ढिवर कुहीवरून एसटीने येईल, त्याचं भाडं, त्याची रोजी?

कॅनॉलच्या शेवटी
कंपनीवाल्याले मीटिंगचा पगार चालूच असते, हे कोणी लक्षातच घेत नाही. रोवण्याच्या टायमाले मीटिंग ठेवली तं मी बी येत नाही, सांगून ठेवतो.

वैनगंगाकाठ
बरोबर. मंग मागणीत पहिलं हेच लिहू, मीटिंगची रोजी अन् भाडं, अन् दर दुसरी मीटिंग गावात नाहीतं बस्तीत. मसुदा कोण लिहिते? माझं मराठी सरकारी कागदासारखं नाही.

इंजिनिअर साहेब
मसुदा मी लिहून देतो. मुद्दा मला अजून पटलेला नाही, पण तुम्ही लिहिलं तर पहिल्याच टेबलावर परत येईल.