ट्रिबोनियनने पैसे खाल्ले, मग काय झालं?

जुनी_वही:
‘ट्रिबोनियनने खाल्ले असतील पैसे, पण टिकणारा कायदा दिला ना’ ही इथली पोस्ट वाचून डोकं फिरलं. अहो, हा सहाव्या शतकातल्या रोमन बादशहा जस्टिनियनचा क्वेस्टर, म्हणजे कायद्याचा मंत्री, मसुदे याच्याच हातात. त्याच काळातला इतिहासकार प्रोकोपियस लिहितो, विद्वत्तेत याच्या तोडीचा कोणी नव्हता, आणि गिऱ्हाईक बघून रोज एखादा कायदा रद्द, एखादा नवा. ५३२ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पेटलं तेव्हा ‘याला हटवा’ म्हणून लोक बोंबलत होते. बादशहाने हटवला, हिप्पोड्रोममध्ये, म्हणजे रथशर्यतींच्या मैदानात, हजारो माणसं कापली, आणि पुढे हळूच परत घेतला.

लोहगड:
प्रोकोपियस? बादशहाला राक्षस म्हणणारा? भारी साक्षीदार! जुन्या कायदेपंडितांचे सुमारे २००० ग्रंथ, ३० लाख ओळी, त्यांचं ट्रिबोनियनने ‘डायजेस्ट’ हे संकलन केलं, ओळी उरल्या दीड लाख, तेही ५३० ते ५३३ मध्ये. आमच्याकडे एका गटाचा फेरफार तेवढ्यात होत नाही, आणि तलाठ्याला देऊनसुद्धा.

जुनी_वही:
विद्वत्तेची तारीफही त्याच प्रोकोपियसची, ती बरी चालते! शिवाय त्याच्यासोबत थिओफिलस, डोरोथिअस हे कायद्याचे प्राध्यापक राबले ते कुठे गेले? उल्पियनसारख्या जुन्या कायदेपंडिताचं नाव ठेवून खालची वाक्यं बदलली ते वेगळंच.

लोहगड:
बदलायची परवानगी बादशहाचीच होती. अर्धवट वाचून येता.

म्हापशेकर:
भांडा तुम्ही. ५३६ मध्ये, हाच क्वेस्टर असताना, मुलांचा सक्तीचा वाटा, म्हणजे मृत्युपत्रानेही काढून घेता न येणारा, वाढला, चारपर्यंत मुलं असली तर एक तृतीयांश, जास्त असली तर अर्धा. आमच्या गोव्यात अर्धी इस्टेट मुलांची असते, त्याचं मूळ याच रोमन कायद्यात. माझी मामेबहीण पुण्यात, मामाने स्वतःच्या कमाईचा फ्लॅट मृत्युपत्राने मुलाला दिला, हिला शून्य. बोला आता.

भाऊगर्दी:
गोव्याचं कौतुक पुरे. आजोबा गेले तेव्हापासून आमची इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वाटणी, चालूच आहे, एक वारस लिस्बनला, एक कॅनडात, नोटीस पोचेपर्यंत तिसरा वारतो आणि त्याची पोरं नव्याने जोडा. हक्क आहे हो, घर कुठाय? छप्पर केव्हाच बसलं.

म्हापशेकर:
तो दोष कोर्टाचा, कायद्याचा नव्हे. तुमच्या घरात सह्या कोण अडवतंय ते आधी बघा.

भाऊगर्दी:
घरापर्यंत जायचं काम नाही.

लोहगड:
बरं बाबा, ट्रिबोनियन चोर होता, झालं समाधान? मग डायजेस्ट बाजूला ठेवा आणि मूळ ग्रंथ वाचून दाखवा. बहुतेक गेले.

जुनी_वही:
गायस वाचा, तोही जुना रोमन कायदेपंडित. त्याचा ग्रंथ १८१६ मध्ये वेरोनाला सापडला, अक्षरं खरवडून वर दुसरंच लिहिलेल्या चामड्यावर. त्यावर ट्रिबोनियनचा हात फिरलेला नाही.

म्हापशेकर:
मामेबहिणीचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.