मदत हवी आहे: दिवाळी सेलमध्ये कॅमेरा, ऑनलाइन की दुकानातून?

नमस्कार मंडळी, थंडीत भिगवणला रोहित पक्षी येतात, त्याआधी मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घ्यायचाय. बजेट लेन्ससकट सव्वा लाख. कॅनन आर५० की आर१० यात अडकलोय. दोन्ही २४ मेगापिक्सेल, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) दोन्हींत नाही. आर१० मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फ्रेम घेतो, शिवाय फोकसचा बिंदू हलवायला जॉयस्टिक आहे. उडत्या पक्ष्यांसाठी मन तिकडेच ओढतंय, पण मग लांबच्या पक्ष्यांसाठीच्या १००-४०० मिमी लेन्सला पैसे पुरतील का? कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स तर पक्ष्यांसाठी कुचकामीच.

खरा घोळ किमतीचा. ऑनलाइन सेलमध्ये सवलतीचा मोठा आकडा दिसतो, पण त्यात बँकेच्या कार्डाची सूट आणि जुन्या कॅमेऱ्याचा एक्सचेंज धरलेला असतो. माझ्याकडे ते कार्डही नाही न् जुना कॅमेराही. फुकटच्या बॅगेचं, मेमरी कार्डाचं मला कौतुक नाही. त्यापेक्षा रोख किंमत कमी करा म्हणावं!

मुंबईत बोरा बाजारात घासाघीस करून कुणी अलीकडे घेतलाय का? जीएसटी बिल आणि भारतातली कंपनी वॉरंटी दोन्ही हवंच, ग्रे मार्केटचा (अधिकृत विक्रेत्याला वगळून आणलेला) माल नको. दिवाळीनंतर भाव आणखी उतरतात का, की दसऱ्यालाच घेऊन टाकू?