मातीत बांधलेल्या विटांच्या भिंतीवर टर्नटेबलसाठी फळी कशी बसवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसकडच्या एका गावात राहतो. घर जुनं आहे, माडीचं. माडीच्या भिंती पक्क्या विटांच्या पण मातीत बांधलेल्या, बाहेरची भिंत जवळपास दोन फूट जाड, आणि माडीची जमीन म्हणजे सागाच्या तुळया अन् त्यावर फळ्या. ऑडिओ टेक्निकाचा एलपी १२० टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायची मशीन, घेतलाय, आजोबांच्या जपून ठेवलेल्या रेकॉर्डी त्यावर ऐकून राहिलो आणि खरंच सांगतो, त्या आवाजानं घर भरून जातं. पण माडीवर कोणी चाललं की सुई उडते. पोरगं पळत आलं तर विचारूच नका, रेकॉर्डला चरा पडायची भीती वाटते.

टेबलावर वाटीत पाणी भरून ठेवलं अन् बायकोला दारापासून खिडकीपर्यंत चालायला लावलं, तर प्रत्येक पावलाला पाण्यावर गोल उठत होते. तीच वाटी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली तर पाणी हललं नाही. म्हणजे भिंत पक्की आहे, हलते ती जमीन. कोनाडा मात्र फक्त फूटभर रुंद आहे, मशीन त्यात मावत नाही.

खाली रबर, स्पंज लावा असं बरेच जण सांगतात. पण आर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (दांड्याच्या टोकाचा सुईचा भाग) मिळून स्वतःच साधारण ८ ते १२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा, डोलतात, आणि पावलांचा हादरा त्याच्या आसपास किंवा त्याहून खाली असतो, तिथं मऊ स्पंजवर मशीन उलट जास्त झुलते. म्हणून भिंतीवरची फळी हाच उपाय मला पटतो.

आता खरी अडचण. सुतारदादांनी कपाटामागं, जिथं दिसत नाही तिथं, ड्रिल मारून पाहिलं. प्लास्टरचा पांढरा भुगा पडला अन् लगेच नुसती कोरडी माती यायला लागली, प्लास्टिकचा गट्टू घातला तर स्क्रू पिळताना गट्टूच गोल फिरला. विटेत बसला तर धरतो, सांध्यात गेला तर काहीच नाही, आणि प्लास्टरवरून वीट कुठं अन् सांधा कुठं ते कळत नाही. लोखंडी फास्टनर पिळून फुगतो, त्यानं वीटच फुटेल असं ते म्हणतात अन् मलाही तेच वाटते.

मशीन ८ किलो, फळी अन् फ्रेम धरून १३ किलो समजा. फळी २० बाय १६ इंच लागेल, मशीन १४ इंच खोल आहे पण झाकण उघडताना मागं जाते म्हणून भिंतीकडून दोन इंच जागा सोडायची. वेल्डिंगवाल्याकडून त्रिकोणी फ्रेम करून घेतो. वजन फळीच्या मध्यावर, भिंतीपासून ८ इंचावर धरलं अन् फ्रेमची उभी बाजू १२ इंच ठेवली तर वरचे बोल्ट साधारण पावणेनऊ किलोनं बाहेर ओढले जातील, १८ इंच ठेवली तर सहाच्या आत. म्हणून उभी बाजू मोठीच ठेवणार, कोणी फळीच्या कडेवर हात टेकला तर ओढ कितीतरी वाढते.

मिस्त्री दोन मार्ग सांगतात. एक, १० मिमीची आट्याची सळई भिंतीच्या आरपार काढून बाहेरून सहा इंची लोखंडी पट्टी लावून नट आवळायचा. मजबुतीला हे एक नंबर, पण ती भिंत पश्चिमेची, पावसाची झड सरळ तिच्यावर येते, भोकातून पाणी आत गेलं तर माती फुगेल. दोन, भिंतीत आठ-नऊ इंच खोदून सिमेंटात होल्डफास्ट (चौकटीला लावतात तशी लोखंडी पट्टी) गाडायचा अन् फ्रेम त्याला वेल्ड करायची. त्यात मला शंका अशी की सिमेंटचा गोळा मातीच्या भिंतीला कितपत धरून राहील? काळ्या मातीवरचं घर आहे, दर उन्हाळ्यात जमीन भेगाळते अन् भिंतीला बारीक चिरा जातातच.

खाली ठेवा म्हणाल तर खाली शहाबादी आहे, हादरा नाही, पण दिवाळीपासून भाव येईपर्यंत खालच्या खोलीत कापूस भरलेला असतो, तंतू सुईला गुंडाळतात, ते काही जमत नाही.

फळीसाठी कडप्पा घ्यावा की १९ मिमी प्लाय? एवढ्या मापाचा पाऊण इंची कडप्पा अकरा किलोच्या आसपास भरेल, म्हणजे प्लायपेक्षा आठेक किलो जास्त, अन् ते वजन शेवटी त्याच बोल्टांवर येणार. मला प्लायच बरा वाटतो, वरून पाणसळ लावून लेव्हल करता येईल असे खाली चार बोल्ट ठेवून. स्पीकर दुसऱ्या भिंतीला आहेत, फळीवर ठेवणार नाही.

राजेहो, मातीतल्या विटांच्या भिंतीवर कोणी असं वजन टांगलं असेल तर सांगा, आरपार सळई की होल्डफास्ट? आरपार केली तर बाहेरचं भोक कशानं बुजवावं, चुन्यानं की सिलिकॉननं? मिस्त्री पुढच्या आठवड्यात येणार आहेत, त्याआधी लोखंड आणून ठेवायचंय.