ड्राय फ्लायचे पंख कशाचे करता? खरी पिसं की पॉली यार्न?

घणसोलीचा_गरवय्या
नमस्कार मंडळी, लहानपण खाडीवर गरवण्यात गेलं पण फ्लायचं (गळावर पिसं-दोरा बांधून केलेली नकली माशी, ड्राय म्हणजे पाण्यावर तरंगणारी) वेड लागून दीडच वर्ष झालंय. व्हाईस (बांधताना गळ पकडायचा शिकंजा) घेतला, व्हिडिओ बघून बघून 14 नंबरच्या गळावर अ‍ॅडम्स नावाची माशी बांधतोय. मार्चमध्ये हिमाचलला तीर्थन नदीवर जाऊन आलो, ट्राउट वर येऊन माश्या टिपत होते, सगळं मस्त, पण माझी फ्लाय हवेत भिंगरीसारखी फिरते, दहा-बारा कास्ट झाले की टिपेटची (माशीला बांधलेल्या शेवटच्या बारीक दोरीची) पार जिलबी. शिवाय दोनदा भिजली की एक पंख इकडे एक तिकडे आणि बुडतेच. पंख चिकनवाल्याकडून आणलेल्या पिसांचे आहेत, थोडी पांढरी ब्रॉयलरची, थोडी एका काबऱ्या गावठी कोंबडीची. एक मित्र म्हणतो सरळ सिंथेटिक लाव, दुसरा म्हणतो प्लॅस्टिकच्या पंखाकडे ट्राउट ढुंकून बघत नाही. खरं काय? आणि ऐरोलीला खाडीकाठी थंडीत रानबदकांची पिसं पडलेली दिसतात, ती उचलली तर चालतील का? मे मध्ये परत जायचंय.

नौपाड्याचे_काका
आधी एक सांग, टिपेट कितीचं लावलं होतंस? बारीक टिपेट असेल तर चांगली बांधलेली माशीसुद्धा पीळ घालते. गळाच्या नंबराला तीनने भागायचं, म्हणजे 14 ला 5एक्सच्या आसपास (एक्सचा आकडा वाढला की टिपेट बारीक, गळाचा नंबर वाढला की गळ लहान).

आता पंख. दोन पंखांत केसाएवढा फरक असला, लांबी कमीजास्त किंवा एकाचा दांडा वाकडा, की ते पंख्याच्या पात्यासारखं काम करतात. बदकाच्या पंखातल्या पिसाचे तुकडे कापून जे पंख करतात ना, ते सगळ्यात जास्त फिरतात, एक डाव्या पंखातलं आणि एक उजव्या पंखातलं अशी जोडी जुळवावी लागते आणि चार मासे लागले की चिरतात. दिसायला देखणे, फ्रेम करून भिंतीवर लावायला. तू त्या वाटेला जाऊ नकोस. जुने अमेरिकन लोक लाइट काहिलसारख्या माश्यांना वुड डकच्या कुशीची पिसं झुबक्याने लावायचे ते उगाच नाही, झुबका लवचिक असतो, हवेत दबतो आणि परत उभा राहतो.

तुझ्या कोंबडीबद्दल. हॅकलला (माशीच्या अंगाभोवती गुंडाळतात त्या पिसाला) कोंबड्याच्या मानेचं कडक, चकचकीत पीस लागतं, पण पंखाला उलट, कोंबडीच्या मानेचं मऊ, भरलेलं पीस बरं, आकार धरून ठेवतं. ब्रॉयलर म्हणजे पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू, त्याच्या पिसात काही दम नसतो. काबरीची ठेव. शॅम्पूने धुऊन, वाळवून, झिपच्या पिशवीत आठवडाभर फ्रीझरमध्ये टाक म्हणजे किडे मरतात. (घरी आधी सांगून ठेव, आमच्याकडे मटारांच्या शेजारी सापडली होती तेव्हा दोन दिवस अबोला.)

नेरूळची_अश्विनी
काकांशी बऱ्यापैकी सहमत, पण काका, तीर्थनच्या त्या खळाळत्या पाण्यात पंख माशासाठी नसतो हो, आपल्यासाठी असतो. संथ नितळ पाण्यात ट्राउटला माशी जवळ येताना आधी पंखाचं टोक दिसतं, तिथे पिसाचा आकार उपयोगी. फेसाळ पाण्यात त्याला विचार करायला वेळ कुठे, आपल्याला माशी दिसली पाहिजे बस. म्हणून म्हणते, दोन पंखांची भानगडच सोड आणि पॅराशूट प्रकारची माशी बांध. मध्ये पांढऱ्या पॉलीचा एक खांब, त्याच्या बुडाशी हॅकल आडवं गुंडाळायचं. पंख एकच म्हणजे जुळवायचं काही नाही, लांब ठेवून शेवटी कात्रीने कापायचं. फिरणं पण खूप कमी होतं.

पॉली म्हणजे पॉलिप्रॉपिलीन हं, नाहीतर लोकरीच्या दुकानातून अ‍ॅक्रिलिक आणशील. पॉलिप्रॉपिलीनची घनता 0.9 च्या आसपास, पाण्याहून हलकं. नायलॉन 1.14, पॉलिस्टर 1.38, म्हणजे दोन्ही आपणहून बुडतात. मॅक्रमेचा दोरा मिळतो त्यात पण सगळे प्रकार असतात आणि दुकानदाराला माहीत नसतं, तो म्हणतो "मॅडम सगळं सेमच आहे". घरी येऊन ग्लासात पाणी घे, भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाक, तुकडा बोटांनी आत चुरगळून हवा काढ आणि सोड. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन. साबण विसरू नकोस, नाहीतर पृष्ठताणामुळे नायलॉन पण तरंगतं आणि आपण फसतो, मी फसलेय, अख्खं रीळ पडून आहे.

वाशी_सेक्टर९
एपीएमसीत तांदळाच्या गोण्या पॉलिप्रॉपिलीनच्याच असतात, फुकट मिळतात 😀

नेरूळची_अश्विनी
हो, पण त्या चपट्या पट्ट्या असतात, कडक. तरंगतील पण भिंगरी पुन्हा सुरू.

नौपाड्याचे_काका
अश्विनी, खांबाचं पटलं. पण सीडीसीला पर्याय नाही असं माझं म्हणणं आहे. सीडीसी म्हणजे बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते तिच्याभोवतीची बारीक लव. त्या तंतूंत हवा अडकते म्हणून तरंगते. त्याला माशी तरंगवायचं जेल लावायचं नाही, सगळं चिकटून बसतं. मासा लागला की पाण्यात खळबळून धुवायची, टिश्यूने टिपायची आणि सिलिकाच्या डबीत हलवायची. बुटाच्या खोक्यातल्या पुड्या चालतात, निळे दाणे असतील तर मात्र फेकून दे, त्यात कोबाल्ट असतं. पाळीव बदकाची लव घे.

आणि खाडीवरची पिसं अजिबात उचलू नकोस. तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात पीस पण मोडतं. सांबर-चितळाच्या केसांचंही तेच, कोणी गावाकडून आणून दिले तरी नको. मोराच्या गळून पडलेल्या पिसांना सूट आहे, पण ती माशीच्या अंगाला लागतात, पंखाला नाही.

घणसोलीचा_गरवय्या
बापरे, बरं झालं विचारलं. टिपेट 7एक्स होतं काका 🙈 काल जांभळी नाक्यावरून तीन प्रकारचे दोरे आणले, ग्लासची टेस्ट केली, एकच वर आला आणि तो नेमका भडक गुलाबी. आई म्हणते प्यायच्या ग्लासात हे धंदे करू नकोस. तीन पॅराशूट बांधल्या, पहिलीचा खांब इतका जाड झाला की माशी डोक्यावर पडते.

गुलाबी खांब चालेल का की पांढराच शोधू?

नेरूळची_अश्विनी
चालेल काय, धावेल. खळाळत्या पाण्यात मासा खालून बघतो, त्याला अंग आणि हॅकल दिसतं. संध्याकाळी उन्हाच्या चकाकीत पांढरा हरवतो तेव्हा गुलाबीच दिसतो. फक्त दोऱ्याचे अर्धे पदर काढून टाक, 16 नंबरला तर पाव पुरे.

नौपाड्याचे_काका
दोन मला पण दे बांधून. मे मध्ये मीही येतोय.