परिचारिकांचे जीवनमान मोजताना नेमके काय पाहावे?

प्रश्न: प्रबंधासाठी मी रुग्णालयातील परिचारिकांच्या जीवनमानाचा अभ्यास करते आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली वापरायचा विचार आहे. तिच्यात शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि परिसर अशी चार अंगे आहेत. कामाचा ताण त्यात पुरेसा उतरेल का?

प्रतिसाद १: एकटीच वापरलीत तर नाही उतरणार. ही प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, त्यामुळे त्या काळात रात्रपाळी लागली होती की नाही, यावरच उत्तरे फिरतात. प्रत्येकीच्या पाळ्यांचे वेळापत्रक सोबत नोंदवा.

प्रतिसाद २: मी बरीच वर्षे वॉर्डात काढली आहेत. रात्रपाळीनंतर पडदे ओढून पडले, तरी कानात मॉनिटरचा आवाज घुमत राहतो आणि दुपारी घरातली माणसे विचारतात, "अजून झोपलेलीच?" हा प्रश्न कोणत्या रकान्यात बसवणार? पगाराबद्दल तर बोलायलाच नको.

प्रतिसाद ३: रुग्णसंख्या विसरू नका. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला की तीव्र थकव्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. माझ्या मते वय किंवा वैवाहिक स्थितीपेक्षा हा घटक अधिक महत्त्वाचा आहे. पहिले दोन मात्र जो तो मोजतो, कारण ते मोजायला सोपे असतात.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. पाळी आणि रुग्णसंख्या हे दोन्ही रकाने आजच जोडते.